गोरज मुहूर्त, गुहागर: फिल्मवर टिपलेल्या लग्नाच्या तारीखवार नोंदी

काम असं: मित्राचं लग्न, गुहागरला समुद्राला लागून असलेल्या नारळी-पोफळीच्या वाडीत. सव्वाशे माणसं, मुहूर्त गोरज, संध्याकाळी ६:४४. डिजिटल फोटो आणि व्हिडिओची टीम वेगळी, आपल्याकडे फक्त फिल्म. ही वाटणी पहिल्याच दिवशी मित्राशी बोलून पक्की केली. असं काम अंगावर घेणाऱ्या प्रत्येकानं ती आधी करून घ्यावी. एक रोल वाया गेला की छत्तीस फोटो जातात, आणि सप्तपदी कोणी पुन्हा घालत नाही. नोंदी रोजच्या रोज लिहिल्या आहेत. ज्या चुकांनी फोटो गेले त्याही जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

४ जानेवारी. फिल्म

मागवलेले रोल: ३५ मिमीमध्ये कोडॅक पोर्ट्रा ४०० चे सात, पोर्ट्रा ८०० चे चार, कृष्णधवल इल्फर्ड एचपी५ प्लसचे पाच. १२० मध्ये (मध्यम आकाराच्या कॅमेऱ्याची रुंद फिल्म) पोर्ट्रा ४०० चा पाच रोलचा एक डबा. एकूण २१ रोल, ३१,४०० रुपये. चाचणीसाठी एक पोर्ट्रा ४०० आणि एक एचपी५ वेगळे, २,६००.

स्वस्तातला पर्याय म्हणजे सिनेमाची फिल्म कापून भरलेले रोल. ते घेतले नाहीत. त्या फिल्मच्या पाठीवर रेमजेटचा काळा थर असू शकतो. तो रोल चुकून रंगीत निगेटिव्ह धुणाऱ्या नेहमीच्या सी-४१ यंत्रात गेला तर थर सुटून यंत्रातलं रसायन बिघडतं आणि पाठोपाठ जाणारे रोलही खराब होतात. प्रयोगासाठी ती फिल्म उत्तम, पण लग्नात दुसऱ्याचे रोल धोक्यात घालायचे नाहीत.

सगळे रोल एकाच बॅचचे मागितले. एका समारंभातले फोटो शेजारी शेजारी लावायचे असतात, बॅच बदलली की रंग किंचित सरकतो. रोल डब्यांसकट फ्रिजमध्ये. फ्रिजमधून काढल्यावर डबी बंद ठेवून दीड तास थांबायचं, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं.

११ जानेवारी. कॅमेरे

दोन निकॉन एफएम२एन, लेन्स ३५ मिमी एफ/२, ५० मिमी एफ/१.८ आणि ८५ मिमी एफ/१.८. मध्यम आकारासाठी याशिका मॅट १२४जी.

एफएम२एन निवडण्याचं मुख्य कारण म्हणजे त्याचं शटर पूर्ण यांत्रिक आहे. एलआर४४ चे दोन सेल फक्त मीटरसाठी, म्हणजे उजेड मोजायला, लागतात. सेल संपले तरी कॅमेरा चालतो. याशिकाचं मीटर सोडून दिलं. ते पाऱ्याच्या जुन्या सेलसाठी बनवलेलं आहे, तो सेल आता मिळत नाही आणि आजचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल टाकला तर वाचन चुकतं. त्यासाठी हातातलं सेकोनिक एल-३०८ वापरणार.

दोन्ही एफएम२एनच्या मागच्या दाराच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटत होता. हा फोम वयानं विरघळतो आणि तिथून उजेड आत शिरतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या उन्हात तर नक्कीच. जुना फोम आइसक्रीमच्या काडीनं आणि स्पिरिटनं खरवडून काढला, नवी पट्टी बसवली. एका कॅमेऱ्याला दोन तास लागले. आरशावर आपटणारा फोम मात्र मेकॅनिकनं बदलला, कारण तिथे स्पिरिटचा एक थेंब फोकसिंग काचेवर गेला तर काच गेली. दोन्ही बॉडींची सफाई आणि शटरची तपासणी मिळून ५,०००.

१८ जानेवारी. चाचणीचे रोल

सावलीत एकच चेहरा आणि शेजारी ग्रे कार्ड. पोर्ट्रा ४०० वर मीटर १००, २००, ४००, ८०० आणि १६०० ला लावून (आकडा जितका लहान, तितका फिल्मला उजेड जास्त) प्रत्येकी एक फोटो, दोन्ही बॉडींनी. उरलेल्या फ्रेम शटरच्या प्रत्येक वेगाला मोकळ्या आकाशावर, जोडीला छिद्र बदलत. सगळ्या सारख्याच काळ्या दिसल्या तर वेग बरोबर.

२५ जानेवारी. निकाल

रंगीत निगेटिव्हला उजेड जास्त झाला तर चालतो, कमी झालेला चालत नाही. २०० चा फोटो सगळ्यात स्वच्छ, १०० चाही छान, ८०० ला केसांची सावली मातकट हिरवट आणि दाणेदार. म्हणून पोर्ट्रा ४०० कायम २०० वर, पोर्ट्रा ८०० उजेड असेल तोवर ४०० वर.

एका बॉडीचा १/१००० मंद निघाला. तो वेग वापरायचा नाही एवढंच ठरवलं. या लग्नात भीती कमी उजेडाची आहे.

१२ फेब्रुवारी. बांधाबांध आणि प्रवास

गाडीनं, कुंभार्ली घाटातून चिपळूण, तिथून गुहागर. विमान टाळलं, कारण सामानात दिलेल्या बॅगेवरचा एक्स-रे फिल्म खराब करतो आणि हातातल्या सामानासाठी येणारे नवे सीटी स्कॅनरही. पुश करायची, म्हणजे कमी उजेडात टिपून जास्त वेळ डेव्हलप करायची, ८०० ची फिल्म तर सगळ्यात नाजूक. मुंबई मेट्रोच्या दारातही बॅग यंत्रातून जाते, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

रोल जाड अस्तराच्या डब्याच्या पिशवीत, पिशवी पायाशी. डिकीत कधीच नाही. फेब्रुवारीतही उन्हात उभी केलेली गाडी आतून भट्टी होते.

इतर सामान: सिलिका जेल, झिप असलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या, मलमलचे चार तुकडे, हवा मारायचा रबरी फुगा, न पुसणारा मार्कर, एलआर४४ चे आठ सेल, फ्लॅश आणि त्याचे चार्जिंगचे दोन संच.

१३ फेब्रुवारी. उजेडाची मोजणी

सगळ्या प्रकल्पात हा दिवस सगळ्यात उपयोगी पडला. लग्नाच्या दोन दिवस आधी, मुहूर्ताच्याच वेळेला, मांडवाच्या जागी उभं राहून मीटर धरलं.

गुरुजींना फोन करून दिशा विचारून ठेवली होती: वधू पूर्वेकडे तोंड करून, वर पश्चिमेकडे. गुहागरचा किनारा पश्चिमेला. म्हणजे वराच्या तोंडावर मावळतीचा सगळा उजेड आणि वधूची पाठ समुद्राला. वधूच्या चेहऱ्याच्या जागी, आयएसओ ४००, एफ/२.८ धरून मिळालेले आकडे:

६:१५ ला १/२५०
६:३० ला १/१२५
६:४० ला, म्हणजे सूर्यास्ताला, १/३० च्या वर थोडं
६:५० ला १/८

वराच्या जागी प्रत्येक वेळी साधारण दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). सूर्य बुडाल्यावर दर चार-पाच मिनिटांना एक स्टॉप उजेड जातो. मंगलाष्टकं चालतात बारा-पंधरा मिनिटं. ती सुरू होताना लावलेलं एक्स्पोजर अक्षता पडेपर्यंत दोन ते तीन स्टॉप चुकलेलं असणार. गोरज मुहूर्त फिल्मवर बिघडतो तो इथेच, फिल्म हळू असते म्हणून नव्हे.

यावरून ठरलेली मांडणी: पहिली बॉडी पोर्ट्रा ८०० आणि ३५ मिमी एफ/२, दुसरी एचपी५ आणि ८५ मिमी एफ/१.८, मीटर १६०० वर. मीटर फक्त वधूच्या चेहऱ्याचा. वराला दोन स्टॉप जास्त मिळाले तर निगेटिव्ह ते सहज पोटात घालते. वराच्या चेहऱ्याचं वाचन घेतलं तर वधू अंधारात जाते, आणि ती परत मिळत नाही. दर दोन मिनिटांनी पुन्हा वाचन.

वाडीतल्या उजेडाची आणखी एक गोष्ट टिपली. पोफळीच्या दाट सावलीत चेहऱ्यावर पानांचा हिरवा उजेड येतो, डोळ्याला कळत नाही पण फिल्म तो धरते. जांभ्याच्या गडग्याशेजारी उभं केलं की हनुवटीखाली तांबूस परतावा येतो आणि हिरवा तुटतो. पोर्ट्रेटसाठी गडग्याजवळची ती सहा फुटांची जागा नक्की केली.

१४ फेब्रुवारी. मेंदी आणि सीमांतपूजन

पहिली मोठी चूक. सीमांतपूजनाचा अख्खा रोल चढलाच नाही.

आकडा ३६ वर गेला, ३७, ३८, तरी लिव्हर अडेना. तिथे संशय आला. डावीकडची रिवाइंडची मूठ पाहिली तर पहिल्यापासून जागच्या जागी. फिल्मची जीभ उजवीकडच्या रिळाच्या फटीतून निसटली होती आणि शटर तासभर त्याच कोऱ्या तुकड्यासमोर उघडझाप करत होतं. फिल्म वाया गेली नाही, तोच रोल पुन्हा चढवला. पण जावयाचे पाय धुतानाचे आणि विहिणींच्या भेटीचे आपले फोटो नाहीत.

कारण साधं: अंधारात घाईनं भरणं. उपाय: जीभ फटीत घातल्यावर दार उघडं ठेवूनच एकदा लिव्हर ओढायचा, दोन्ही बाजूंची भोकं दातांवर बसलेली डोळ्यांनी पाहायची. मग दार बंद करून रिवाइंडची मूठ हलक्या हातानं फिरवून आतला ढिलेपणा काढायचा. पुढच्या प्रत्येक लिव्हरला ती मूठ उलटी फिरलीच पाहिजे. तिच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, म्हणजे नजर फोटोवर असतानाही कोपऱ्यातून हललेला दिसतो. या एका ठिपक्यानं पुढचे पंधरा रोल सांभाळले.

१५ फेब्रुवारी, सकाळ. हळद

कॅमेरे रात्रभर एसीच्या खोलीत होते, एसी १८ वर. पडवीत आणताच तिन्ही लेन्स दुधाळ झाल्या. पुसायच्या नाहीत, पुसलं की वाफ पसरते आणि मीठ काचेवर घासलं जातं. वीस मिनिटं थांबलो, तेवढ्यात उष्टी हळद सुरू झाली. रात्री कॅमेरे झिपच्या पिशवीत घालून पडवीत ठेवले असते तर वेळ गेला नसता. त्या रात्रीपासून तसंच केलं.

हळदीच्या जागी मांडववाल्यांनी डोक्यावर पिवळं कापड ताणलं होतं. पिवळ्या कापडाखाली पिवळी साडी, पिवळी हळद, पिवळा झेंडू. अशा उजेडात चेहऱ्याला स्वतःचा रंग उरत नाही, आणि स्कॅनर तो पिवळा आपोआप कापायला जातो तेव्हा त्वचा निळसर होते. दोन गोष्टी केल्या. मांडववाल्याला सांगून पूर्वेकडची एक पट्टी सोडवली, म्हणजे एका बाजूनं साधा उजेड आला. रोलची पहिली फ्रेम ग्रे कार्डची घेतली, स्कॅन करणाऱ्याला धरायला काहीतरी हवं.

हळदीत अंतर ठेवून ८५ मिमी. तेल मिसळलेली हळद फोकसच्या रबरी कड्यात गेली की निघत नाही. रोल बदलायचं काम दुसऱ्या कोरड्या हाताच्या माणसाकडे. एका मामेभावाला आदल्या दिवशी शिकवून ठेवलं होतं. शेजारी पाण्याचा तांब्या आणि कोरडा पंचा.

वापर: पोर्ट्रा ४०० चे दोन रोल, मीटर २०० वर. एचपी५ चा एक, ४०० वरच.

१५ फेब्रुवारी, दुपार. गौरीहर

खोलीत एकच खिडकी, तिच्याजवळ गौरीहराशी बसलेली वधू. ५० मिमी, एफ/२, १/६०. बारा फोटोंत काम झालं. खिडकीचा उजेड आणि पिवळी अष्टपुत्री साडी यांना बाकी काही करावं लागत नाही. फक्त ट्यूबलाइट बंद करायला लावली.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ. मुहूर्त

६:२० ला दोन्ही बॉडींमधले अर्धवट रोल गुंडाळून काढले. एकात नऊ फ्रेम शिल्लक, दुसऱ्यात पाच. चौदा फ्रेम सोडून दिल्या. हे न करणारे पुष्कळ जण अंतरपाट खाली येतो तेव्हा पस्तिसाव्या फ्रेमवर असतात. एफएम२एनचा रोल सरावानंही चाळीस सेकंदांच्या आत बदलत नाही आणि अक्षता, हार, टाळ्या हे सगळं तेवढ्यातच उरकतं.

जागा: अंतरपाटाच्या टोकाशी उभं राहिलं की दोघंही दिसतात, पण दोन्ही टोकांना अंतरपाट धरून गुरुजी उभे असतात. त्यांच्या खांद्यामागे, वराच्या बाजूला दीड मीटर सरकून उभं राहिलो. तिथून वधूचा चेहरा पाऊण दिसतो, मागे तिचे मामा आणि कलश घेतलेली करवली. डिजिटलवाल्यांशी दुपारीच बोलणं झालं होतं: ते समोरच्या टोकाला, आम्ही इकडे, मध्ये कोणी यायचं नाही.

मंगलाष्टकांत फ्रेम जपायच्या. गुरुजींची झाली की मावश्या-आत्या स्वतः रचलेली घेऊन पुढे येतात, त्यात हात सैल सुटतो. पहिल्या बॉडीवर बारा फ्रेमची मर्यादा ठेवली आणि पाळली. खूण ठरलेली होती: गुरुजी ‘तदेव लग्नं’ सुरू करतात ते शेवटचं. तिथे वधूच्या चेहऱ्याचं शेवटचं वाचन घ्यायचं, फोकस बसवायचा आणि डोळा काढायचा नाही. वाचन आलं एफ/२, १/१२५, पोर्ट्रा ८०० ला ८०० वरच.

अडचण आली ६:४१ ला. मांडववाल्यांनी जांभळे एलईडी लावले. अक्षता पडेपर्यंत ते बंद ठेवायचे असं सकाळी सांगितलं होतं, पण सांगितलेला माणूस जेवणाच्या बाजूला गेला होता आणि बटणाशी दुसराच उभा होता. एका गालावर आकाशाचा उजेड, दुसऱ्यावर जांभळा. रंगीत फिल्मवर असा मिश्र उजेड नंतर कशानंही सुटत नाही. एका बाजूचा रंग नीट केला की दुसरी बाजू हिरवी पडते. मामेभाऊ धावला, दिवे साधारण मिनिटभरात बंद झाले. त्या मिनिटातलं सगळं एचपी५ वर घेतलं, तिला रंगाशी देणंघेणं नाही. पुढच्या वेळी बटणाशीच आपला माणूस बसवायचा.

अक्षता पडायला लागल्यावर लेन्स बदलायची नाही आणि मागचं दार उघडायचं नाही. कुंकू लावलेले ओलसर तांदूळ सगळीकडे चिकटतात. नंतर फुग्यानं साफ करताना फ्लॅशच्या खाचेत तीन आणि लिव्हरखाली एक दाणा निघाला.

अक्षता ते हार: पहिली बॉडी २१ फ्रेम, दुसरी १८.

१५ फेब्रुवारी, रात्र. होम, सप्तपदी, कौटुंबिक फोटो

होमाच्या आणि हॅलोजनच्या उजेडात पोर्ट्रा नारिंगी होते. ८०ए चा निळा फिल्टर लावला तर दोन स्टॉप जातात, तेवढा उजेडच नाही. म्हणून लाजाहोम आणि सप्तपदी एचपी५ वर, १६०० ला, एफ/२, १/६०. धूर चेहऱ्यासमोरून वाहत असला की सगळं सपाट राखाडी दिसतं. वाऱ्याची दिशा बघून धुराच्या वरच्या अंगाला बसायचं, आणि लाह्या अग्नीत पडल्या की ज्वाळा उंच होते त्या क्षणाला शटर.

एलईडीच्या दिव्यांत १/२५० वापरला त्या चार फ्रेमवर आडवे पट्टे आले. हे दिवे दर सेकंदाला अनेकदा मिणमिणतात, डोळ्याला ते दिसत नाही, वेगवान शटरला दिसतं. १/३० किंवा १/६० वर पट्टे नाहीत.

कौटुंबिक फोटो फ्लॅशवर, पोर्ट्रा ४०० ला या वेळी ४०० धरून. फ्लॅशचा गाइड नंबर (त्याला अंतरानं भागलं की छिद्राचा आकडा मिळतो) आयएसओ १०० ला ३६ मीटर, म्हणजे ४०० ला ७२. एक-अष्टमांश ताकदीला साधारण २५. चार मीटरवर एफ/५.६ यायला हवं. उघड्यावर परतावा द्यायला भिंत किंवा छत नसतं, म्हणून एक स्टॉप उघडून एफ/४. शटर १/३०, म्हणजे मागच्या दिव्यांच्या माळाही धरल्या जातात. चोवीस गटांत एकही फ्रेम चुकली नाही. गटांची यादी वधूच्या काकूंनी आधी लिहून दिली होती आणि नावं पुकारायलाही त्याच उभ्या राहिल्या. बाहेरच्या माणसानं हाक मारून जे अर्ध्या तासात होत नाही ते त्यांनी दहा मिनिटांत केलं.

१६ फेब्रुवारी. किनारा, याशिका

सकाळी किनाऱ्यावर सुरूच्या बनाची लांब सावली असते, सूर्य मागून चढतो. साडेसात ते आठचा उजेड मऊ आणि एकसारखा. पोर्ट्रा ४०० ला २०० धरून एफ/५.६, १/१२५.

दोन चुका. १२४जीची आतली दाबपट्टी १२ आणि २४ अशा दोन जागी फिरते: १२० फिल्मला १२, २२० ला २४. तिसरा रोल भरताना ती २४ वर फिरलेली राहिली. बारा झाल्यावर रोल संपल्याचं कॅमेऱ्यानं दाखवलं नाही आणि आजी-आजोबांचे तीन फोटो नुसत्या कागदावर काढले गेले. आवाज बदलल्यावर कळलं. आजी-आजोबा तोवर परत वाडीत गेले होते, त्यांना पुन्हा वाळूत चालवणं योग्य नव्हतं. गडग्याजवळच्या ठरलेल्या जागी, खुर्च्यांवर बसवून चौथ्या रोलवर घेतले. हेच फोटो घरच्यांना सगळ्यात आवडलेत. दाबपट्टी आता काळ्या चिकटपट्टीनं १२ वर बांधून टाकली आहे.

दुसरी चूक वाळूची. एफएम२एनचे सुटे रोल डबीतून काढून पिशवीच्या खिशात ठेवले होते, पटकन हाताशी यावेत म्हणून. फिल्म बाहेर येते त्या मखमली फटीत वाळूचा एक कण बसला. परिणाम पुढे ३ मार्चच्या नोंदीत. रोल कॅमेऱ्यात जाईपर्यंत डबीतच राहायला हवा.

संध्याकाळी सगळे कॅमेरे किंचित ओलसर मलमलनं आणि लगेच कोरड्यानं पुसले. किनाऱ्यावरचं मीठ नुसत्या कोरड्या कापडानं निघत नाही, घासलं जातं.

२० फेब्रुवारी. एचपी५ डेव्हलप

घरी. इल्फर्ड आयडी-११ डेव्हलपर, पातळ न करता, २० अंशांना. ४०० चे दोन रोल साडेसात मिनिटं, १६०० चे तीन चौदा मिनिटं. दोन रिळांच्या टाकीत ६०० मिली. दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा उलटंपालटं.

१६०० ची पहिली टाकी बिघडली. नळाचं पाणी २५ अंश, बर्फाच्या पाण्यात बाटली ठेवून डेव्हलपर बरोबर २० ला आणला, पण ओतल्यावर टाकी ओट्यावरच ठेवली. चौदा मिनिटांनी ओतून काढलेलं द्रावण २३ अंशांना होतं. निगेटिव्ह कडक झाल्या, होमाची ज्वाळा आणि वराचं उपरणं पूर्ण काळं. प्रिंट निघतात पण उपरण्याच्या घड्या दिसत नाहीत. दुसऱ्या टाकीला परातीत २० अंशांचं पाणी भरून, उलटंपालटं करण्याच्या मधल्या वेळात टाकी त्यातच ठेवली. शेवटी तापमान २०.५. याच टाकीत मुहूर्ताचा रोल होता.

शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्यात, वेटिंग एजंटचे थोडेच थेंब टाकून. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके वाळल्यावर निघत नाहीत. फिल्म न्हाणीघरात टांगली, आधी गरम पाण्याचा नळ सोडून धूळ खाली बसवून घेतली.

२४ फेब्रुवारी. रंगीत रोल लॅबकडे

स्वतः नेऊन दिले. कुरिअर विमानानं गेलं तर पुन्हा एक्स-रे. रंगीत १५ रोल, १२० चा एक शिल्लक.

देताना लक्षात आलं की पुशसाठी वेगळे केलेल्या दोन रोलवरची मास्किंग टेपची चिठ्ठी दमटपणानं सुटली आहे. पोर्ट्रा ८०० चे चारही रोल सारखेच दिसत होते. वहीत प्रत्येक रोलच्या पहिल्या फ्रेमची वेळ लिहिलेली होती, पण रोलवरच क्रमांक नसेल तर वही काय सांगणार? एक रोल दारातल्या वरातीचा, काठाला लागलेल्या कुंकवावरून ओळखता आला. दुसरा अंदाजानं दिला. आता क्रमांक थेट रोलच्या पत्र्यावर मार्करनं, भरण्याआधीच.

३ मार्च. स्कॅन आले

अंदाज चुकला. पुशसाठी दिलेला दुसरा रोल साध्या उजेडाचा होता, तो थोडा कडक झाला, वापरता येतो. ज्याला पुश हवा होता तो पातळ आला आणि वरातीचे दहा-बारा फोटो अंधारे.

किनाऱ्यावरच्या एका रोलवर पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत एकच सरळ ओरखडा, वरून एक तृतीयांशावर. वाळूचा तो कण. निवडलेल्या अकरा फोटोंवर हातानं दुरुस्ती केली, फोटोमागे वीस मिनिटं.

हळदीचे स्कॅन अपेक्षेप्रमाणे निळसर होते, स्कॅनरनं पिवळा स्वतःच कापला होता. ग्रे कार्डच्या फ्रेमवरून रंग बांधून बाकीच्यांवर तोच ठेवा, आपोआप दुरुस्ती बंद ठेवा, असं लिहून पुन्हा स्कॅन करून घेतलं. दुसऱ्या खेपेला त्वचा त्वचेसारखी आणि हळद हळदीसारखी.

मुहूर्ताचा रंगीत रोल लाइट टेबलवर भिंगाखाली पाहिला. अंतरपाट खाली गेल्यानंतरच्या तिसऱ्या फ्रेममध्ये १/१२५ ला तांदळाचे दाणे गोठलेले नाहीत. निगेटिव्हवर ते बारीक काळ्या रेघा झाले आहेत, सगळ्या एकाच तिरकसपणानं, समुद्राकडून आलेल्या वाऱ्याच्या. वधूचे डोळे वर, मुंडावळीची एक लड गालाशी आडवी. दोघांच्या चेहऱ्यांत दोन स्टॉपचं अंतर आहे आणि दोघांचंही सगळं दिसतं.

९ मार्च. हिशेब आणि सुपूर्दगी

फिल्म ३१,४००. चाचणीचे रोल २,६००. सफाई-तपासणी ५,०००. फोम, सेल, किरकोळ ९००. रंगीत डेव्हलप आणि स्कॅन, चाचणीच्या रोलसकट १६ रोल, ६५० प्रमाणे १०,४००, दोन पुशचे ३०० वेगळे. एचपी५ ची रसायनं २,४००. एकूण ५३,०००. प्रवास आणि प्रिंट यात नाहीत. वेळेचा हिशेब: लग्नाआधी चार रविवार, लग्नाला पाच दिवस, नंतर डेव्हलप, दुरुस्ती आणि निवडीत साधारण ४५ तास.

मित्राला दिलेले फोटो ३८८. निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्या कापून पॉलिप्रोपिलीनच्या कव्हरमध्ये, पीव्हीसीच्या नाहीत, ते कव्हर काही वर्षांनी फिल्मला चिकटतं. प्रत्येक पानावर रोल क्रमांक, फिल्म, मीटरचा आकडा आणि विधीचं नाव पेन्सिलीनं. फाइल उभी ठेवायची, स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीच्या भिंतीला लागून नाही, पावसाळ्याआधी सिलिका जेल बदलायचं. हे सगळं एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या खिशात घातलं आहे.

बाकी राहिलेलं काम: आजी-आजोबांच्या फोटोचे १२ बाय १२ इंची दोन प्रिंट, एक गुहागरच्या वाडीत लावायला. जिथे लावायचा त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे लावून ती भिंतीपासून बोटभर सुटी टांगायची.